भवानीनगरचा विकी

चुलत्यानं समाधानचे हात मागं धरले आणि अप्पांनी कात्री चालवली. खांद्यापर्यंत वाढवलेले केस अंगणात पडले. मग अप्पांनी पोराच्या सतरा कॅसेट एकेक करून बंबात टाकल्या. टेप तेवढा ठेवला, भजनासाठी.

"तुझ्या भनीला, प्रतीक्षाला, बघायला पाव्हणं यायच्यात," अप्पा म्हणाले. "हितं असलं भुताचं वरडणं चालायचं न्हाय."

आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळलीच नाही.

अख्ख्या कळस गावात हेवी मेटल ऐकणारा समाधान एकटाच होता. गिटारचा तो करवतीसारखा आवाज कानात शिरला की छातीतलं दडपण सुटायचं. हे त्याला घरात कुणालाच सांगता आलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त विकीला.

विकी भवानीनगरचा. त्याचा पत्ता बारामतीच्या कॅसेटवाल्यानं दिला होता. "तुझ्यासारखाच अजून एक येडा हाय," म्हणाला होता. दोघं भेटले कधीच नव्हते, पण शहाण्णव सालच्या उन्हाळ्यापासून पत्रं चालू होती. सुरुवातीला विकी नुसता ड्रमविषयी लिहायचा आणि शेवटी, 'ये की एकदा.'

पोळ्याच्या सुमारास विकीचा हात मोडला. तसं त्यानं कळवलं होतं. तेव्हापासून अक्षर वाकडं झालं. आता तो सारखं विचारायचा, 'त्या गाण्यात तुला नेमकं काय ऐकू येतं? नीट समजावून लिही.' समाधान चार-चार पानं लिहायचा. 'वेळेवर जेवतोस का,' असंही विकी विचारायला लागला. भेटायचं म्हटलं की मात्र, 'आत्ता नको.'

त्या दुपारी समाधाननं आंतरदेशीय पत्र घेतलं. 'सगळं जाळलं. आता मला जगायचंच नाही. येत्या रविवारी कालव्यावर जाणार. तुला तेवढं कळावं म्हणून लिहितोय.'

शनिवारी उत्तर आलं. एकच ओळ होती. 'रविवारी आधी माझ्याकडं ये, मी दारात उभा असेन.'

रविवारी सकाळच्या एस.टी.नं तो भवानीनगरला उतरला. पत्त्यावरच्या घराच्या दारात पन्नाशीचा एक माणूस उभा होता. समाधानच्या वेड्यावाकड्या कापलेल्या केसांवर त्याची नजर थांबली.

"समाधान न्हवं? मी सर्जेराव. विकीचा बाप. ये आत."

त्यांनी पाणी दिलं. ताटात भाकरी वाढली.

"विकी कुठं हाय, काका?"

"आधी जेव."

समाधाननं भाकरीचा तुकडा मोडला. सर्जेरावांनी उठून टेपमध्ये कॅसेट घातली. कोरी कॅसेट भरून आणलेली, नवीच दिसत होती. गाणं सुरू झालं तसे ते भिंतीला टेकून बसले. मध्येच त्यांनी बोट वर केलं.

"हितं ऐक. आता ड्रम एकटाच ऱ्हातो. मग गिटार येती, पलीकडच्या खोलीतनं कुणी हाक मारल्यागत."

समाधानचा हात ताटातच थांबला. हे शब्द त्याचे होते. मागच्या महिन्यात त्यानं ते विकीला लिहिले होते.

"विकीनं वाचून दाखवलं व्हय?"

सर्जेरावांनी टेप बंद केला. बराच वेळ ते बटणावरचं बोट काढेनात.

"पोळ्याच्या सकाळी मीबी त्याच्या कॅशेटी जाळल्या," ते म्हणाले. "त्याच दुपारी त्यो कालव्यावर गेला. तेराव्याला त्याच्या नावानं तुझं पत्र आलं. पोराला त्यात काय ऐकू येत व्हतं, ते मला कुणीतरी सांगाया पायजे व्हतं."