मुंडीचा मान

"माझा फोन दुरुस्त झाला का गं?" टेरेन्सने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"संध्याकाळी देतो म्हणालाय दुकानवाला," झानार म्हणाली आणि लाटलेल्या कणकेच्या चौकोनी पट्ट्या उकळत्या रश्श्यात सोडत राहिली. फोन तिच्या कोपराशीच होता, पिठाच्या डब्यात, अगदी तळाला. बंद करून, पिशवीत गुंडाळून तिनेच तो पुरला होता.

सामन्याच्या दिवशी फोन बायकोकडे ठेवून जायचं ही टेरेन्सची आठ वर्षांची रीत. काल दुपारी चारला तो वाजला तेव्हा टेरेन्स स्टेडियमकडे निघालेल्या बास्केटबॉल संघाच्या बसमध्ये होता. पलीकडे अलाबामाहून त्याची बहीण बोलत होती. "डॅडींचं काही खरं नाही. फोन कानाशी धरून बसलेत, टेरीशी बोलायचंय म्हणतात. काहीही कर, पण त्याला गाठ."

गाठणं अवघड नव्हतं. स्टेडियम घरापासून दहा मिनिटांवर. पण झानारने आधी वडिलांना विचारलं. शाल्करहून म्हातारे तुलेगेन म्हणाले, "अशी बातमी बायकोने उभ्याउभ्या सांगायची नसते, पोरी. थोरांनी बसवून सांगायची असते. पहाटेच्या गाडीने आम्ही येतो. तोवर तोंड उघडू नकोस." तिने उघडलं नाही. सात वाजता बहिणीचा दुसरा फोन आला, तेव्हा बोलायला डॅडी उरले नव्हते.

आणि टेरेन्स काल जिंकून आला होता.

आता जेवणाच्या टेबलाशी तुलेगेन आणि त्यांचे दोन चुलतभाऊ ठेवणीतले कोट घालून बसले होते. एवढे म्हातारे पहाटेची गाडी धरून अक्तोबेला आले ते आपलं कौतुक करायलाच, अशी टेरेन्सची समजूत. तो खुशीत होता. दोन माणसांची जागा अडवून बसला होता आणि साखरेचं भांडं, मीठ, चमचे मांडून शेवटचा डाव समजावत होता.

"चार सेकंद उरलेत, आबा. एका गुणाने मागे. मी इथे, हा मिठाचा डबा माझ्या अंगावर!"

"मग मिठाचं काय केलंस?" थोरल्या चुलत्यांनी विचारलं. विचारायला हवं म्हणून.

"त्याच्या डोक्यावरून बॉल टाकला!" टेरेन्स मोठ्याने हसला. मग त्याने वळून हात पुढे केला. "झानार, तुझा फोन दे. डॅडींना अजून सांगितलंच नाही."

"तिकडे रात्रीचे दोन वाजलेत."

"जिंकलो तर त्यांना मध्यरात्री उठवलेलं चालतं. हरलो तर मात्र सकाळपर्यंत छळू नकोस म्हणतात."

म्हातारे आपापल्या चहाच्या वाडग्यात बघू लागले. झानारला वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळं ओकून टाकावं. पण वडिलांनी नजरेने थोपवलं, आणि ती मुकाट्याने मांसाचं ताट घेऊन आली. वर मेंढीची शिजवलेली मुंडी.

मुंडी मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. पण ज्याचा बाप जिवंत आहे, त्याने तिला सुरी लावायची नसते. आठ वर्षं ते ताट टेरेन्सच्या नाकासमोरून दुसऱ्याकडे जात होतं. दर वेळी तुलेगेन म्हणत, "तुझा नंबर उशिरा लागो, जावईबापू." आणि तो म्हणे, "शंभर वर्षांनी लागो, आबा."

सांगायचं कसं, ते तुलेगेन गाडीत पाठ करत आले होते. त्यांनी घसा खाकरला. "यंदा थंडी फार," म्हणाले. थांबले. "गवतही नाही," म्हणाले. पुढे जबडा नुसताच हलला. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी ताट धरलं आणि हळूच फिरवलं. मुंडीचं तोंड टेरेन्सकडे झालं. बाजूला सुरी ठेवली, मूठ त्याच्याकडे करून.

"आबा, चुकलात!" टेरेन्स हसला. "माझे डॅडी आहेत अजून."

थोरल्या चुलत्यांनी दोन्ही तळवे उघडून तोंडावरून फिरवले, गेलेल्या माणसासाठी दुआ मागतात तसे. टेरेन्सच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पुसायचं विसरून गेल्यासारखं.

"कधी?" त्याने विचारलं. सासऱ्यांना नाही, झानारला.

तिने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फोन काढून त्याच्यापुढे ठेवला. "काल सातला गेले," ती म्हणाली. "चारला फोन आला होता. तुझ्याशी बोलायचं होतं त्यांना. मी… मी तुला बोलवायला हवं होतं."

"मी नको म्हणालो तिला," तुलेगेन म्हणाले. "तिला बोल लावू नकोस. आमच्यात अशी रीत आहे, बाळा."

"ठाऊक आहे, आबा. मला सगळ्या रीती ठाऊक आहेत."

त्याने फोनला हात लावला नाही. ताट जवळ ओढून सुरी उचलली. गालाचा पहिला तुकडा कापून त्याने सगळ्यांत थोरल्या चुलत्यांना दिला, दोन्ही हातांनी, जसा द्यायचा असतो तसा. मग कान. कान घरातल्या मुलांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. टेबलाच्या कडेला बसलेल्या सहा वर्षांच्या लेकीने, अयालाने, सवयीने हात पुढे केला.

टेरेन्सने कान कापला आणि लेकीच्या हातावरून नेऊन झानारच्या ताटलीत ठेवला.

"हा तुझा," तो म्हणाला. "तू ऐकलंस ना मोठ्यांचं."