पाचवीचा कोरा कागद

सटवाईनं नशीब लिहावं म्हणून पाचवीच्या पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. पण बाळीचं नशीब सकाळीच दवाखान्यातून छापून आलं होतं: 'लबाडीकडे जनुकीय कल, एक्क्याऐंशी टक्के.' संध्याकाळी नोंदणीच्या बाई येऊन तो आकडा तिच्या कार्डावर चढवणार होत्या. मग शाळा, नोकरी, सोयरीक, सगळे आधी तोच बघणार.

"आमच्या रक्तात असलं काही नाही हो," सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं होतं. पोरीनं त्यांची अंगठी मुठीत धरली, तर तिचा बाप म्हणाला, "बघा, आत्तापासूनच!"

बाळीच्या आईला, केतकीला, धास्ती होती ती सासूबाईंची. रिपोर्ट दुपारपासून त्यांच्याकडे होता.

"आई, तो कागद द्या ना."

"बाळंतीण आहेस, पडून राहा."

आयुष्यभर खरेपणाचा तोरा मिरवलेली ही बाई आपल्या हातानं तो कागद नोंदणीवाल्यांना देणार, याची तिला खात्रीच होती.

नोंदणीच्या बाई आल्या. "आजी, रिपोर्ट?"

"काय सांगू बाई! समईशी धरून वाचत होते, पेटलाच की हो." सासूबाईंच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी.

"दुसरी प्रत नसते. पुन्हा तपासणी बाराव्या वर्षीच; तोवर रकाना कोरा राहील."

"राहू दे. सटवाई बघून घेईल."

बाई गेल्यावर सासूबाईंनी कमरेला खोचलेली रिपोर्टची घडी काढून शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकली आणि पोरीला मांडीवर घेतलं.

आकडा कुठून आला, ते केतकीला आता कळलं. तिला तो जरा कमीच वाटला.