दुसऱ्या फेरीचा सूर

बारा वर्षं मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून अल्सीड न्यू ऑर्लिन्सला परतला आणि जुन्या चौकडीबरोबर रेकॉर्डिंगला उभा राहिला. टेप ऐकताना पियानोवाला थिओफिल खूश झाला.

"गड्या, दुसऱ्या फेरीत काय वाजवलंस! एवढं गोड तर तू तरुणपणीही वाजवलं नव्हतंस."

अल्सीडनं टेप पुन्हा लावून ऐकली. धून दुसऱ्यांदा फिरून आली त्या फेरीत तो तर वाजवणं थांबवून ट्रम्पेटमधलं थुंकीचं पाणी काढत होता. टेपवर त्या गोड सुरांखाली ते थेंबही टपटपताना ऐकू येत होते.

"पुन्हा घेऊ," तो म्हणाला. या खेपेला दुसरी फेरी येताच त्यानं ट्रम्पेट पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि पेटीवरच बसला.

डोळे मिटून वाजवणारा थिओफिल हसला. "वाहवा! आता कसा मोकळा झालास!"

पेटी थरथरत होती. अल्सीड आणखी दाबून बसला.

सूर आणखी गोड झाला.