चौथी जागा

"तीनच?" समुपदेशकांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"तीनच, सर."

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडण्याआधी प्रत्येकाने घरातल्या लपवायच्या जागा लिहून द्यायच्या आणि घरच्यांनी त्या रिकाम्या करायच्या, असा तिथला नियम होता. मुलाने लिहिलं होतं: स्पीकरचं खोकं, जुने बूट, गादीची शिवण. चौथी जागा त्याने गाळली होती. क्लबात नाचताना घ्यायच्या नशेच्या बारा गोळ्या तिथे होत्या. सात आठवडे त्याने त्यांच्याच भरवशावर काढले होते. उद्या तो घरी जाणार होता.

आई शेजारी बसली होती. स्वारी आज भलतीच खुशीत होती. आल्या आल्या तिने रखवालदाराच्या मुलाबाळांची चौकशी केली, नर्सच्या गालावरून हात फिरवला. मुलाचा हात तर ती सोडायलाच तयार नव्हती.

"किती वाळलीस गं."

"भूकच लागत नाही रे. पण कामाचा असा फडशा पडतो म्हणून सांगू. काल सगळी कपाटं आवरली."

"आणि गुडघे?"

"आहेत की नाहीत, तेही कळत नाही."

तिने पाण्याचा तिसरा ग्लास घटाघटा संपवला. बोलणं थांबलं की ती दातावर दात घासत राही. उद्याच्या काळजीने जीव थाऱ्यावर नसेल, मुलाला वाटलं.

समुपदेशक तिच्याकडेच पाहत होते. "शेवटचं विचारतो. घरात आणखी काही आहे?"

"नाही, सर."

"आईकडे बघून सांग."

त्याने पाहिलं. खिडकीतलं ऊन थेट तोंडावर येत होतं, तरी तिचे डोळे टपोरे, काळेभोर दिसत होते. इतक्या मायेने तिने त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"आहे," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. व्हिटॅमिनच्या बाटलीत. हवं तर आणखी महिनाभर ठेवा मला, सर."

"ती होय?" आई हसली. तिने पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटली वाजली नाही.

"तारीख उलटायला आली होती, म्हटलं फुकट कशाला घालवा. एक दिवसाआड अर्धी घेतली. आज सकाळी संपल्या. दुसरी बाटली कुठे मिळते, तेवढं लिहून दे बाबा."