तीन हातांचा प्याला

दोन कुळांचं वैर मिटावं म्हणून पंचांनी मार्सलीची सोयरीक शत्रूकडच्या टॉर्किलशी जुळवली, तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. लग्नादिवशी चर्चच्या दारात दोन कानांचा लाकडी प्याला पुढे आला. वधूवरांनी दोन्ही हातांनी धरायचा, वधूपित्यानं व्हिस्की ओतायची, म्हणजे कुणाचाच हात सुरीकडे जात नाही. तिनं दोन्ही हातांनी धरला. टॉर्किलनं एकाच हातानं. "दुसरा कुठाय?" तिचा बाप सुरीवर हात ठेवून गुरकावला. "रीत मोडली, लग्न मोडलं!" मार्सलीला सुटल्यासारखं वाटलं. "तो हात तुम्हीच तोडलात की, सासरेबुवा, आमची गुरं पळवताना," टॉर्किल हसला. "सापडला तर द्या, धरतो." त्या हसण्यात तिनं विखार शोधला, नव्हता. प्याला मात्र त्याच्या बाजूला कलत होता. तिनं आपला एक हात काढून त्याच्या मुठीवर ठेवला. "आमचे तिन्ही हात गुंतलेत, बाबा. सुरी सोडा आणि ओता."