चार पावलं पुढं

वजन उतरवायला रोज थोडं चाला, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा माधुरी फणकारली होती, "रिकामटेकड्या बायांचे धंदे ते!"

आता मात्र ती रोज सकाळी धापा टाकत मार्गासनीच्या रस्त्यानं नवऱ्याचा माग काढायची. कारण आनंदराव शेजारच्या सोनियाबरोबर फिरायला जायला लागला होता. लग्न झाल्यापासून बायकोच्या बरोबरीनं तो कधी चालला नव्हता, कायम चार पावलं पुढं. आणि त्या सटवीच्या मात्र खांद्याला खांदा लावून! माधुरीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आज नेट लावून ती त्यांचं बोलणं कानावर येईल इतकी जवळ गेली.

"भावजी, ताई येतायत न्हवं मागं?" सोनिया विचारत होती.

"येतीया की. जरा हळू चाला वहिनी, तिला लई धाप लागती."