ओल्या टाचा

वजनकाट्यावर किलो उमटले, पण स्नायूंचे टक्के दाखवायच्या जागी आजही नुसत्या रेघा आल्या.

आजारपणात द्वारकाबाईंचं अंग झडलं होतं. स्नायू पंचवीस टक्के भरले की गावी सोडीन, असं लेकीने, नलूने, कबूल केलं होतं.

"नले, तुझं यंत्र मुकं झालं गं."

"तळवे बघ की, आई! चामड्यासारखे झालेत. काटा तळव्यांतूनच स्नायू मोजतो, कोरड्या पायांचं त्याला काही कळत नाही." नलूने खाली बसून भेगाळलेल्या टाचा ओल्या फडक्याने पुसल्या.

द्वारकाबाई पुन्हा चढल्या. उतारवयात शिकलेले आकडे त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचले, "सव्वीस!"

नलूचा चेहरा पडला. "काटा चुकला असेल. उद्या परत मोजू."

"अगं, पाय तूच पुसलेस की!" द्वारकाबाई हसत हसत पिशवी भरायला लागल्या.